स्टिक घेऊ की नवा टीव्ही? आधी दुखणं कुठलंय ते बघा

ताई, तुमचा प्रश्न वाचला. आधी तो थोडक्यात परत मांडतो म्हणजे बाकीच्यांनाही कळेल. चिपळूणजवळ गावी आई-बाबा असतात, २०२१ च्या पुरानंतर घेतलेला ४३ इंची स्मार्ट टीव्ही आहे, आता मालिका लावायला गेलं की अडकतो, तुम्ही ठाण्याला, बजेट पाचेक हजार, तर स्ट्रीमिंग स्टिक (टीव्हीच्या मागे एचडीएमआय खाचेत लावायची, ॲपं चालवणारी काडी) घ्यावी की थोडे थांबून नवा टीव्हीच घ्यावा, आणि स्टिक घेतली तर डिश काढून टाकली तर चालेल का.

मी ह्याच पट्ट्यात टीव्हीची कामं करतो, डबा टीव्हीच्या काळापासनं, सव्वीस-सत्तावीस वर्षं झाली. तुमचा टीव्ही न बघताच निम्मं निदान सांगू शकतो, कारण २२ जुलै २०२१ ला पाणी भरलं त्यात किती टीव्ही गेले त्याला गणतीच नाही, आणि मग गणपतीपासनं दिवाळीपर्यंत सगळ्यांनी एकदमच नवे घेतले, दुकानात जो मिळेल तो, बहुतेक स्वस्तातला स्मार्ट. आता ते सगळे एकदमच म्हातारे झालेत. माझ्याकडे सध्या रोज एक तरी फोन असतो की टीव्ही स्लो झालाय, आणि गंमत म्हणजे पॅनल अजून चकाचक असतं. त्या टीव्हींमध्ये रॅम (ॲपं चालवायला लागणारी जागा) १ जीबी किंवा फार तर दीड, स्टोरेज ८ जीबी आणि त्यातलं बरंचसं सिस्टिमच खाऊन बसते. ॲपं मात्र दर अपडेटला जाड होत जातात. त्यामुळे पडदा तरुण आणि डोकं म्हातारं अशी अवस्था.

पण स्लो म्हणजे काय ते आधी नीट विचारा आईंना. फोनवर सगळे "अडकतो" एवढंच म्हणतात आणि त्यात दोन वेगळी दुखणी असतात. एक, रिमोटचं बटन दाबलं की चार-पाच सेकंदांनी हलतं, ॲप उघडताना काळा पडदा, मधेच ॲप आपोआप बंद होऊन पहिल्या पानावर येतं. दोन, ॲप पटकन उघडतं, मालिका सुरूपण होते आणि मग मधेच गोल गोल फिरत बसतं, चित्र धुरकट होतं, परत चालू. पहिलं टीव्हीच्या डोक्याचं दुखणं, त्यावर स्टिक हे औषध आहे. दुसरं नेटचं, आणि त्यावर तुम्ही पाच काय पंधरा हजारांचा बॉक्स लावलात तरी तो तिथेच गोल फिरणार. मी स्वतः सुरुवातीला ही चूक केलीय, एका गिऱ्हाइकाला स्टिक विकली, बसवून दिली, आणि दुसऱ्या दिवशी त्यांचा फोन, अहो तसंच होतंय. परत घेतली मी ती, करतो काय.

तपासायला खर्च नाही. बाबांचा फोन घ्यायला सांगा, मोबाइल डेटा बंद, फक्त वायफाय चालू, आणि टीव्हीच्या अगदी शेजारी उभं राहून तीच मालिका फोनवर दहा मिनिटं लावायची. शेजारी म्हणजे शेजारी, राउटरच्या खोलीत नव्हे. फोनवर मक्खन चाललं आणि टीव्हीवर अडकलं तर डोकं गेलंय. फोनवरपण अडकलं तर स्टिकचे पैसे खिशातच ठेवा आणि पुढचा भाग नीट वाचा.

आपल्याकडे वायफायचा खरा शत्रू म्हणजे चिऱ्याची भिंत. नेटवाला येतो, केबल जिथनं आत येते तिथेच राउटर ठोकून जातो, बहुतेक पडवीत नाहीतर मागच्या खोलीत, आणि टीव्ही असतो ओटीवर किंवा माजघरात. मधे जांभ्याच्या दोन भिंती, जुन्या घरात त्या चांगल्या फूटभर जाड. ५ गिगाहर्ट्झचं वायफाय वेगवान खरं पण भिंत आली की ते संपलंच म्हणायचं, २.४ वालं भिंतीतनं जरा बरं जातं पण त्याचा वेग कमी. बरं वेग किती लागतो तर काही फार नाही. नेटफ्लिक्स स्वतःच सांगतं की फुल एचडीला ५ एमबीपीएस (नेटच्या वेगाचं माप) आणि फोरकेला, म्हणजे त्याहून बारीक चित्राला, १५ पुरतात. म्हणजे ३० ची स्वस्तातली लाइनसुद्धा भरपूर झाली, फक्त ती टीव्हीपर्यंत पोचली पाहिजे. लोक १०० चा प्लॅन घेतात आणि राउटर तिथेच ठेवतात, मग काय होणार. राउटर टीव्हीच्या खोलीत हलवून घ्या, नेटवाल्याला दोन-तीनशे देऊन होतं ते काम. नाहीतर राउटरपासनं टीव्हीपर्यंत लॅन केबल ओढा, पंधरा मीटरची तयार केबल काही शेकड्यात मिळते आणि ती टाकली की वायफायचं नावच घ्यायला नको. माझ्याकडच्या निम्म्या "स्टिक हवी" गिऱ्हाइकांचं काम केबलवरच भागलंय.

घरी फायबर नसेल आणि बाबांच्या फोनच्या हॉटस्पॉटवर टीव्ही चालवायचा विचार असेल तर आत्ताच सोडून द्या. एचडीत तासाला ३ जीबीपर्यंत डेटा जाऊ शकतो, रोजच्या दीड जीबीत अर्धा तास, म्हणजे जाहिरातींसकट एक भाग. आणि फोन आला, बाबा बोलत बोलत अंगणात गेले, की टीव्ही बंद.

आता समजा डोक्याचंच दुखणं निघालं. तरी लगेच ऑर्डर मारू नका. टीव्हीच्या सेटिंगमध्ये जाऊन नको ती ॲपं काढा (गेमं असतात, बातम्यांची चार ॲपं असतात, कोणीतरी नातवाने टाकलेली), उरलेल्यांचा कॅशे (साठलेला तात्पुरता कचरा) साफ करा, आणि तरी नाही सुधारलं तर फॅक्टरी रिसेट, म्हणजे टीव्ही दुकानातनं आला तसा कोरा करायचा. रिसेटनंतर सगळे पासवर्ड परत टाकायला लागतात, म्हणून हे तुम्ही गावी असाल तेव्हाच करा, फोनवरनं आईंना सांगत बसू नका, भांडणं होतात. रिसेटने टीव्ही चार-सहा महिने बरा चालतो असा माझा अनुभव. चार-सहा महिने फुकट मिळत असतील तर घ्यावेत की.

आणि एक गोष्ट जी कोणीच आधी बघत नाही. तुमच्याकडे जी सबस्क्रिप्शनं आहेत ती टीव्हीवर चालतात का? रिचार्जबरोबर फुकट मिळालेली बहुतेक फक्त मोबाइलपुरती असतात. नेटफ्लिक्सचा १४९ चा प्लॅन घ्या, तो फोन आणि टॅबवरच चालतो, टीव्हीवर नाही. स्टिक आणली, बसवली, सगळं झालं, लॉगिन केलं आणि मग पडद्यावर मेसेज येतो की प्लॅन वाढवा. तेव्हा स्टिकच्या किमतीत वर्षभराची सबस्क्रिप्शनं धरून हिशेब करा, खरा खर्च तिथे आहे, स्टिक एकदाच घ्यायचीय. मराठीपुरतं बोलायचं तर झी मराठी झी५ वर, स्टार प्रवाह आणि कलर्स मराठी दोन्ही आता जिओहॉटस्टारवर (फेब्रुवारी २०२५ मध्ये जिओसिनेमा आणि हॉटस्टार एक झाले तेव्हापासनं), सोनी मराठी सोनीलिव्हवर, सन मराठी सन नेक्स्टवर. आईंच्या मालिका कुठल्या ते लिहून काढा. पाचही चॅनलवरच्या बघत असतील तर चार ॲपं आणि चार बिलं. दोनच असतील तर काम सोपं.

ह्यावरनंच डिशचा प्रश्न. माझं मत स्पष्ट आहे, सत्तरीच्या पुढचे आई-बाबा असतील तर डिश लगेच काढू नका. कारण पैसे नाही, सवय. साडेसातला टीव्ही लावला, १२२ नंबर दाबला, मालिका लागली, ह्यात विचार करावा लागत नाही. ॲपवर जायचं, शोधायचं, कुठला भाग बघितला ते आठवायचं, हे त्यांना मालिका बघणं वाटतच नाही. माझ्या गिऱ्हाइकांत एक आजी आहेत त्यांच्या मुलाने डिश काढून सगळं ॲपवर केलं, त्या महिनाभर शेजारी जाऊन मालिका बघत होत्या आणि मुलाला फोनवर सांगत होत्या की छान चाललंय. शिवाय लाइव्ह मॅच ॲपवर डिशच्या मागे असते, कधी अर्धा मिनिटसुद्धा. वाडीत वरच्या घरात ओरडा झाला की तुम्हाला कळतं विकेट गेली आणि तुमच्याकडे बोलर अजून रनअपवर. हां, आपल्याकडच्या पावसात डिशपण दगा देते, आभाळ गच्च भरून आलं की सिग्नल नाही, आणि झाड पडलं की फायबरपण जाते. दोन्ही असली तर एक तरी चालू राहते, पावसाळ्यात घरात बसलेल्या माणसांना तेवढाच विरंगुळा. प्लॅन छोटा करून ठेवा डिशचा, पाच-सहा मराठी चॅनल आणि बातम्या, बस. डीडी फ्री डिश लावा असंही कोणी सांगेल, महिन्याचं भाडं नाही, सह्याद्री दिसेल, पण झी मराठी आणि स्टार प्रवाहसारखे पैशाचे चॅनल त्यात मिळत नाहीत, आणि आईंना तेच हवेत.

बरं, आता स्टिक घ्यायचीच ठरली तर कुठली. ॲमेझॉनची फायर टीव्ही स्टिक भारतात २०१७ मध्ये आली तेव्हा ३९९९ ला होती, आजही साधी एचडीवाली चार-पाच हजारांच्या घरात असते आणि सेलमध्ये त्याच्याही खाली येते, तेव्हा सेलच्या बाहेर घेऊ नका. दुसरा पर्याय गूगल टीव्हीवर चालणारे बॉक्स. तुमच्या ब्रॉडबँडवाल्याच्या प्लॅनबरोबर सेट टॉप बॉक्स मिळतो का तेही विचारा, पुष्कळ प्लॅनमध्ये असतो आणि लोकांना माहीतच नसतं, माळ्यावर पडलेला असतो खोक्यात. ॲपल टीव्ही उत्तम आहे पण १५ हजारांच्या आसपासची वस्तू, घरात सगळे आयफोनवाले असतील तर ठीक, आई-बाबांच्या मालिकेसाठी नको.

एचडी की फोरके, तर इथे माझं मत दुकानदारांपेक्षा वेगळं आहे. ४३ इंची टीव्ही दहा-बारा फुटांवरनं बघताना फोरके आणि फुल एचडीतला फरक वयस्कर डोळ्यांना दिसत नाही, मालिका तर सगळ्या एचडीतच असतात. तरीपण मी हजार-दीड हजार जास्त घालून फोरकेवालीच घ्यायला सांगतो, कारण बहुतेक फोरकेवालींत रॅम जास्त असते, सगळ्यांत नाही. साधीत १ जीबी, म्हणजे तुमच्या टीव्हीत आहे तेवढीच, मग दोन वर्षांनी परत तेच रडगाणं. पिक्सेलसाठी नव्हे, रॅमसाठी पैसे घाला. तुमचा टीव्ही फुल एचडीच असला तरी फोरके स्टिक त्याला चालते, ती आपोआप खाली उतरते. खोक्यावर रॅम लिहिलेली नसेल तर ऑनलाइन तपशिलात बघा, २ जीबी असली की झालं. अजून एक, २०२५ च्या शेवटी फायर टीव्हीच्या एका नव्या फोरके स्टिकवर अँड्रॉइडऐवजी वेगा नावाची सिस्टिम आली, तिच्यावर बाहेरनं आणलेली अँड्रॉइड ॲपं चालत नाहीत. म्हणून घ्यायच्या आधी तुमची चारही ॲपं तिच्या स्टोअरमध्ये आहेत का एवढं पाहून घ्या.

बाजारात दोन-अडीच हजारांना "१६ जीबी रॅम, ८के" असं लिहिलेले काळे डबे मिळतात, त्यांच्याकडे बघूसुद्धा नका. एक तर ते आकडे खोटे असतात, मी उघडून बघितलेत. दुसरं, चांगल्या ॲपांना एचडी दाखवायला डब्यात वाइडवाइन एल१ नावाची सुरक्षा पास झालेली लागते, ह्यांच्यात ती नसते, मग नेटफ्लिक्स लागतं पण चित्र ४८० चं, ४३ इंचावर ते जुन्या व्हीसीडीसारखं दिसतं. आणि तिसरं म्हणजे काहींच्यात कारखान्यातनंच व्हायरस भरून येतो, बॅडबॉक्स नावाने ते प्रकरण गाजलं, जून २०२५ मध्ये अमेरिकेच्या एफबीआयने जाहीर इशारा दिला होता की असे डबे घरच्या नेटला जोडू नका. बाबा त्याच वायफायवरनं बँकेचं ॲप वापरत असतील. हजार रुपये वाचवायला हा धोका कशाला.

तुमचा भाऊ अमेरिकेत आहे म्हणालात आणि तो तिकडनं स्टिक आणतोय. आणू दे, ॲडाप्टर बहुतेक १०० ते २४० व्होल्टचा असतो, वर लिहिलेलं वाचा म्हणजे झालं, फक्त चपटी पिन असते तेवढा कन्व्हर्टर लागेल. पण ॲपं कुठली मिळणार ते अकाउंटच्या देशावर ठरतं. त्याच्या अमेरिकन अकाउंटने लॉगिन केलंत तर इथली ॲपं शोधत बसाल. भारतातलं अकाउंट टाका. आणि ज्याचं अकाउंट त्याने खरेदीला पिन लावून ठेवा, नातवंडं आली की बटनं दाबतात.

स्टिक किती वर्षं चालेल असं विचाराल तर चार-पाच धरा. कंपन्या जुन्या वस्तूवरनं हात काढतातच, जून २०२५ मध्ये २०१४ च्या पहिल्या फायर स्टिकवरनं नेटफ्लिक्स बंद झालं. त्याच वर्षी मार्चमध्ये जगभरचे दुसऱ्या पिढीचे क्रोमकास्ट (गूगलची स्टिकसारखीच वस्तू) एका रात्रीत मुके झाले, का तर आतल्या सर्टिफिकेटची मुदत संपली, म्हणजे वस्तू धडधाकट आणि कागद संपला. गूगलने काही दिवसांत दुरुस्त केलं, सांगितलं होतं की रिसेट मारू नका, आणि ज्यांनी घाईत मारलं ते जास्त दिवस लटकले. टीव्हीच्या आतलं डोकंही असंच कधीतरी मरणार, फरक एवढाच की स्टिक मेली तर चार हजार जातात. म्हणून मी म्हणतो पॅनल चांगलं आहे तोवर टीव्ही बदलायचा नाही, डोकं बदलत राहायचं.

पॅनल मात्र बघून घ्या. पांढरं चित्र लावून कोपऱ्यात काळे ढग, उभी रेघ, किंवा अर्धा पडदा मंद असं काही आहे का. मंद असेल तर आतल्या एलईडी पट्ट्या गेल्यात, त्या दोन-तीन हजारात बदलून होतात. उभी रेघ असेल तर पॅनल गेलं, त्याच्यावर स्टिकचे पैसे घालू नका, तिथे नवाच टीव्ही. त्यातल्या त्यात बरं म्हणजे २२ सप्टेंबर २०२५ पासनं ३२ इंचावरच्या टीव्हीचा जीएसटी २८ चा १८ टक्के झालाय.

बसवताना काही गोष्टी, ह्या खोक्यावर नसतात. स्टिकला वीज टीव्हीच्या यूएसबीतनं देऊ नका. सगळे तसंच करतात कारण वायर लपते. टीव्हीचा यूएसबी बहुतेक अर्धा अँपिअर देतो आणि स्टिकला १ लागतो, मग ती मधेच रीस्टार्ट होते आणि लोक म्हणतात स्टिक खराब. शिवाय टीव्ही बंद केला की तिची वीज जाते आणि दर वेळी पहिल्यापासनं चालू व्हायला वेळ घेते. बरोबर आलेला ॲडाप्टर भिंतीच्या सॉकेटला लावा. टीव्ही भिंतीवर चिकटून असेल तर खोक्यातली छोटी एचडीएमआय वायर वापरा, स्टिक थेट मागे कोंबली की गरम होते आणि पत्र्याच्या पाठीमागे वायफायपण कमी पकडते. मळभ दाटून वीज कडाडायला लागली, वैशाखात किंवा परतीच्या पावसात, की सगळ्या पिना काढायच्या आणि डिशची केबलपण ओढायची. माझ्याकडे येणारे जळलेले एचडीएमआय पोर्ट बहुतेक डिशच्या केबलमधनं आलेल्या विजेने गेलेले असतात, आणि पोर्ट गेला की स्टिक लावणार कुठे.

रिमोटचं सांगतो कारण तिथेच सगळं फिसकटतं. टीव्हीचा, डिशचा आणि आता स्टिकचा, तीन रिमोट झाले की आई-बाबा जुन्यावरच जाणार. टीव्हीच्या सेटिंगमध्ये एचडीएमआय सीईसी चालू करा, कंपन्या त्याला वेगवेगळी नावं देतात, सॅमसंगमध्ये ॲनीनेट, एलजीत सिमप्लिंक, सोनीत ब्राव्हिया सिंक. ते चालू असलं की स्टिकचं होम बटन दाबलं की टीव्ही आपोआप तिच्यावर येतो, आवाजही त्याच रिमोटने होतो. टीव्हीचा रिमोट मग कपाटात. सेल बदलल्यावर फायर स्टिकचा रिमोट कधी कधी स्टिकला विसरतो, होम बटन दहा सेकंद दाबून धरलं की परत ओळख होते, हे एका कागदावर मोठ्या अक्षरात लिहून टीव्हीच्या मागे चिकटवा. पहिल्या ओळीत आईंची दोन ॲपं आणि यूट्यूब ठेवा, बाकी सगळी मागे ढकला.

आणि हे सगळं गावी जाऊन करत बसू नका, चार दिवसांच्या सुट्टीत दोन दिवस त्यातच जातील. स्टिक ठाण्याला मागवा. तुमच्या फोनच्या हॉटस्पॉटला गावच्या वायफायचं जे नाव आहे तेच नाव द्या आणि पासवर्डही तोच, अक्षरन् अक्षर. स्टिक त्याला जोडा, अकाउंट टाका, ॲपं उतरवा, लॉगिनं करा, पिन लावा, आईंच्या मालिका एकेकदा लावून बघा. (ॲपं उतरवायला डेटा जाईल, त्या दिवशी दुसरं काही बघू नका.) मग गावी जाऊन टीव्हीला लावली की बहुतेक वेळा ती गावच्या वायफायला आपलं समजून स्वतःच जोडून घेते. मी गिऱ्हाइकांच्या स्टिका दुकानातच अशा तयार करून देतो. मात्र फोनवाली चाचणी खोका फोडायच्या आधीच आई-बाबांकडून करून घ्या, म्हणजे नेटचंच दुखणं निघालं तर स्टिक परत करायची मुदत हातात राहील.